खाऱ्याचं पाणी

लालबागच्या त्या चाळीत तिसऱ्या मजल्यावरची शेवटची खोली सीमाची, आणि खोली शेवटची म्हणून गॅलरीचा तेवढा कोपराही तिचाच. कागदोपत्री नव्हे हं. कागदोपत्री गॅलरी सगळ्यांची. पण गेली चाळीस वर्षं तिच्या सासूनं, रखमाबाईंनी, तिथे झाडं लावून ठेवलेली, मग बोलणार कोण? रंगाचे रिकामे डबे, तळाला भोकं पाडलेल्या बालद्या, कोळणीकडून मागून आणलेले थर्माकोलचे खोके. बाग म्हणायची तर जेमतेम दहा पावलांची. पण चैत्र-वैशाखात मोगरा, पावसात तेरडा नि सोनटक्का, दसऱ्याला झेंडू, थंडी पडली की शेवंती आणि गावठी गुलाब, आणि अबोली बारा महिने. गणपतीत गौर आणायच्या दिवशी मजल्यावरच्या सात घरांत गौर म्हणून पुजायचा तेरडा ह्याच खोक्यांतून जायचा. दादरला तेरड्याच्या जुड्या विकत मिळतात, ढिगांनी मिळतात, पण 'विकतची गौर' हा शब्द कानावर पडला तरी रखमाबाईंचं डोकं फिरायचं.

सीमा लग्न होऊन आली तेव्हा तिला झाडांतलं ओ की ठो कळत नव्हतं. दुसऱ्याच दिवशी सासूनं तिला मोरीपाशी उभं केलं आणि मासे धुतलेल्या पाण्याचं पातेलं हातात दिलं. "ताज्या माशाचा पाणी झाडांक. खाऱ्याचा पाणी मोरीत. ह्या चुकलंस तर झाड मेला म्हणान समज." खारं म्हणजे मीठ लावून वाळवलेली मासळी. ताजे मासे धुतलेलं पाणी गुलाबाला घातलं की फुलं बशीएवढी येतात, आणि खाऱ्याचं पाणी घातलं की मीठ मुळाशी जातं नि झाड जळतं. नवी नवरी बिचारी, तिला वाटलं आता स्वयंपाकाचं काही सांगतील, देवाधर्माचं सांगतील. पण त्या घरातला पहिला नियम हा. सीमानं तो पंचवीस वर्षं पाळला.

दोन वर्षांपूर्वी रखमाबाई विसरायला लागल्या. आधी चष्मा, मग जेवलो की नाही ते, मग एक दिवस गॅस चालू ठेवून खाली भाजीला गेल्या. सीमाचा नवरा स्वप्नील माझगावला गोदीत कामाला, सकाळी सहाला घर सोडतो. सीमा परळच्या एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला, साडेदहा ते साडेसहा. दोघांनी मिळून आईला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण आडपडदा न ठेवता बोलल्या. "विसरणं थांबणार नाही. औषधानं थोडं सावकाश होईल, एवढंच. पण ह्यांना बसू देऊ नका. हाताला रोज काम द्या, पायाला रोज चालणं द्या. ह्या वयात ह्या आजारात माणूस एकदा बसलं की बसलंच, मग परत उभं राहत नाही."

हे वाक्य सीमाच्या डोक्यात जे बसलं ते बसलंच. तिची स्वतःची आई शेवटची तीन वर्षं अंथरुणाला खिळून होती, पाठीला जखमा होऊन गेली. ते परत बघायची ताकद तिच्यात नव्हती. पण काम द्यायचं तर कोणतं? गॅस बंद केला, सुरी लपवली, जिना एकटीनं उतरायचा नाही असं ठरलं. उरली झाडं. झाडांना काय, ती जाळत नाहीत, कापत नाहीत, पळून जात नाहीत.

आणि खरं सांगायचं तर सासू जी काय शाबूत होती ती त्या दहा पावलांतच होती. खोलीत असताना स्वप्नीलला कधी दीर समजायची, कधी भाऊ. गॅलरीत गेली की सगळं बरोबर. मोगऱ्याची छाटणी कुठून करायची, अबोलीचं बी कधी तडकतं, कुठल्या डब्याला सकाळचं ऊन नि कुठल्याला संध्याकाळचं, काहीसुद्धा चुकायचं नाही. शेजारच्या मीनाक्षीताई शाळेतून रिटायर झालेल्या, एकट्याच राहायच्या. त्या दुपारी दोनदा डोकावून जायच्या आणि सीमाला फोन करायच्या, "आहे गं तुझी सासू, झाडांशी भांडतेय." सीमाचा जीव भांड्यात पडायचा.

त्या उन्हाळ्यात तर सीमानंच मनावर घेतलं. जुनी माती मोकळी केली, शेणखत आणलं, कांद्याच्या साली भिजवून ते पाणी घालायला लागली. नवी जास्वंद आणली, गोकर्णीचा वेल कठड्यावर चढवला. सासू उभी राहून हुकूम सोडायची, सून राबायची. वैशाखात मोगरा असा सुटला की मजल्यावरच्या बायका ओंजळी भरून न्यायच्या, आणि रखमाबाई दारात बसून दोन-दोन तास गजरे करायच्या. गाठ चुकत नव्हती. सीमाला वाटलं, जमलं. हे असंच चालत राहिलं तर आपण ह्या बाईला पायावर उभी ठेवू.

मग जून लागला. होड्या बंद, ताजी मासळी बंद. रखमाबाईंना ताटात माशाचा वास नसला तर घास उतरायचा नाही, म्हणून दरवर्षीप्रमाणे खारे बांगडे आणले. ते आधी भिजत घालावे लागतात, नाहीतर मिठानं तोंड वाकडं होतं. सीमा आठवड्यातून तीनदा सकाळी निघताना बांगडे पातेल्यात भिजत घालायची आणि सांगायची, "आई, घड्याळात अकरा वाजले की ह्यातलं पाणी ओतून टाका हं." तेवढंच एक काम आणखी. संध्याकाळी येऊन बघावं तर पाणी ओतलेलं, बांगडे झाकून ठेवलेले. सीमा दवाखान्यातल्या मैत्रिणीला कौतुकानं सांगायची, सासूबाई सांगितलेलं अजून विसरत नाहीत म्हणून.

जूनच्या अखेरीस मोगऱ्याच्या पानांच्या कडा तपकिरी झाल्या. आधी वाटलं पाणी कमी पडतंय, कारण गॅलरीला वर छप्पर, पाऊस झाडांपर्यंत येतच नाही. पाणी वाढवलं. मग अबोलीनं मान टाकली. नवी जास्वंद आठ दिवसांत काटकी झाली. तेरड्याची रोपं बोटभर वाढली नि जागीच बसली. गुलाब तेवढा तग धरून होता, पण कळी काळी पडून गळायची. आणि मातीवर पांढरी खपली यायला लागली. सीमा ती चमच्यानं खरवडून काढायची, दोन दिवसांनी पुन्हा हजर.

रखमाबाई सकाळ-संध्याकाळ डब्यांपाशी जाऊन पानं उलटीसुलटी करायच्या. "काय झाला गो ह्यांका?" एवढंच विचारायच्या. एक दिवस विचारायचं थांबवून नुसत्या उभ्याच राहिल्या, हात पदरात धरून. सीमाच्या मनात आलं, झाडं गेली तर ही बाई काय करणार दिवसभर? कॉटवर बसणार. बसली की बसलीच.

आता माणसाला कारण सापडेना झालं की ते माणूस शोधायला लागतं, आणि माणूस फार लांब नव्हतं. मीनाक्षीताईंनी मे महिन्यात तक्रार केली होती, तुमच्या डब्यांचं मातकट पाणी माझ्या दारात येतं. शिवाय मुंग्यांसाठी त्या गॅलरीत पांढरी पावडर टाकायच्या, अगदी सीमाच्या डब्यांपर्यंत रेघ ओढायच्या. पांढरी पावडर, पांढरी खपली. सीमाचं गणित जुळलं. एका रविवारी ती तडक त्यांच्या दारात गेली आणि भरल्या गॅलरीत म्हणाली, "झाडांचा राग होता तर मला सांगायचं होतं. एका आजारी बाईच्या जिवावर कशाला उठलात?"

मीनाक्षीताई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी ताट खाली ठेवलं. "मला झाडं नको असती ना सीमा, तर मी सरळ डबे उचलून खाली ठेवले असते, सगळ्यांसमोर. लपूनछपून पावडर टाकायची सवय नाही मला." मग उठून दाराला हात घालत म्हणाल्या, "आणि तुझ्या सासूकडे दोन वर्षं लक्ष ठेवतेय ते काय राग आहे म्हणून?" दार लागलं. दुसऱ्या दिवसापासून दुपारचा फोन बंद झाला.

झाली पंचाईत. आता सासूकडे बघणार कोण? सीमानं बुधवारी रजा टाकली, म्हटलं घरी राहून कोणाला तरी ठेवायची सोय बघू. सवयीनं बांगडे भिजत घातले, सवयीनं आईंना अकराचं सांगितलं, आणि आत पोटमाळ्यावर चढून जुनं सामान उपसत बसली. अकरा वाजले. वरून तिला दिसलं, रखमाबाई उठल्या, घड्याळाकडे नीट बघून घेतलं, पातेलं उचललं, बांगडे एका ताटलीत काढून झाकले. सगळं नेटकं. मग पातेलं घेऊन मोरीकडे न वळता बाहेर गेल्या.

सीमा खाली उतरून दारात येईपर्यंत त्यांनी तीन डबे भिजवले होते. वाटीनं मोजून घालत होत्या, एकालाही कमी नको, जास्त नको. गुलाबाजवळ वाकून म्हणत होत्या, "पी गो बाय, पी. माशाचा पाणी हा." चाळीस वर्षांच्या नियमातला अर्धा भाग शिल्लक राहिला होता आणि अर्धा पुसून गेला होता. मासा आठवत होता. खारं आठवत नव्हतं.

ह्या क्षणी शांतपणे पातेलं काढून घ्यायचं होतं, नाही का? हसून काहीतरी बोलायचं होतं. पण महिनाभर जी चीड आत साठली होती ती सगळी एकदम बाहेर आली. "आई, काय करताय तुम्ही? ते खाऱ्याचं पाणी आहे. तुम्हीच मारलीत सगळी झाडं. तुम्हीच." आवाज एवढा चढला की मजल्यावरची दारं उघडली. मीनाक्षीताईंचंही उघडलं.

रखमाबाईंनी पातेल्याकडे बघितलं. मग एक बोट पाण्यात बुडवून जिभेला लावलं. "मीठ," त्या म्हणाल्या. चेहरा एकदम स्वच्छ झाला त्यांचा, पूर्वीसारखा, सगळं समजणाऱ्या बाईचा. त्यांनी एकेका डब्याकडे बघितलं, मोगरा, अबोली, जास्वंद, तेरड्याचे खोके. पातेलं जमिनीवर ठेवलं. आत गेल्या नि कॉटवर बसल्या.

त्या दिवशी संध्याकाळी सीमा मीनाक्षीताईंकडे गेली. माफी मागायला तोंड नव्हतं, तरी मागितली. मीनाक्षीताईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "माझं सोड. मी शाळेत तीस वर्षं पालकांच्या शिव्या खाल्ल्यात. तिला काय बोललीस ते बघ."

सीमाला वाटलं होतं, विसरतील. सगळंच विसरतात, हेही विसरतील. दोन दिवसांनी हाक मारली, "आई, चला, पाणी घालूया." रखमाबाई हलल्या नाहीत. "माका नको सांगू. मी मारलंय झाडां." चार दिवसांनी तेच. श्रावण गेला, तेच. भाद्रपदात गौरीला दादरहून तेरड्याची जुडी विकत आणली. सीमा वाट बघत होती, आता तरी चिडतील, विकतची म्हणून घर डोक्यावर घेतील. रखमाबाईंनी हात जोडले आणि पुन्हा कॉटवर जाऊन बसल्या. सीमाला त्या दिवशी खरी भीती वाटली.

मग तिनं बाग पुन्हा उभी करायचं ठरवलं. काय करणार दुसरं? चूक तोंडानं केली होती, निस्तरायची हातानं. सगळी खारट माती गोणीत भरून स्वप्नीलनं खाली नेली. डबे तीन-तीन पाण्यांनी धुतले. भायखळ्याच्या एका नर्सरीवाल्याकडून लाल माती आणि रोपं आणली, एका रविवारी दोघं नवरा-बायको ओझी घेऊन तीन मजले चारदा चढली. दसऱ्यापर्यंत झेंडू धरला. कार्तिकात शेवंतीला कळ्या आल्या. गुलाब तर तळापासून छाटला होता, तो असा फुटला की विचारू नका, पौषात एकाच वेळी अकरा फुलं. आता सीमाला स्वतःलाच नाद लागला होता. सकाळी चहाचा कप घेऊन आधी गॅलरीत, कुठे कीड, कुठे नवा कोंब. दुसऱ्या मजल्यावरच्या पोरी येऊन फोटो काढून जायच्या. चाळीस वर्षांत बाग अशी कधी दिसली नव्हती, असं जुनी माणसं म्हणायची.

आणि जिच्यासाठी हे सगळं, ती दारापर्यंत यायची नाही.

सीमा गुलाब तोडून हातात द्यायची. "बघा आई, तुमच्या झाडाचा."

"माझा खंय? माझी झाडां मेली. मी मारलंय."

नवरा जाऊन अठरा वर्षं झाली ते त्या विसरल्या, रोज संध्याकाळी त्यांची वाट बघायच्या. मुलगी प्रिती डोंबिवलीला असते ते विसरल्या. सकाळी काय खाल्लं ते दुपारी नाही. पण हे एक वाक्य काही पुसलं गेलं नाही. एवढ्या मोठ्या आयुष्यातलं देवानं नेमकं तेच का ठेवावं त्यांच्याकडे? सीमा मोरीत भांडी घासताना रडायची, नळ मोठा सोडून.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तसंच होत गेलं. दिवाळीत त्या मोरीपर्यंत एकट्या जायच्या. माघात भिंत धरून. फाल्गुनात स्वप्नीलनं काखेत हात घालून न्यायला सुरुवात केली, आणि तो कामावर गेला की सीमा ओढायची. पिंढऱ्या काटक्यांसारख्या झाल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी पाय दाबून बघितले आणि म्हणाल्या, "अजून वेळ आहे, पण फार नाही. काहीही करा, चालती करा ह्यांना."

काहीही करा म्हणे. सीमानं काय करायचं बाकी ठेवलं होतं?

शिमग्याच्या आधी दोन दिवस, सकाळची वेळ. सीमा त्यांना कॉटवरून उठवत होती आणि त्या अंग सोडून बसल्या होत्या. "सोड गो. माझ्या हातात काय देऊ नको. मी झाडां मारलंय." एवढ्या दिवसांत शंभर वेळा ऐकलेलं. पण त्या दिवशी सीमाच्या तोंडून निघून गेलं. विचार नाही, बेत नाही, नुसतं निघून गेलं.

"तुम्ही नाही मारलीत. मी मारली."

रखमाबाईंनी मान वर केली.

"खारे बांगडे भिजवले होते. मी ते पाणी झाडांना घातलं. रोज घालत होते. तुम्ही सांगितलेलं विसरले मी." आणि बोलता बोलता सीमाला जाणवलं की ह्यात निम्मं खरंच आहे. बांगडे भिजवले कोणी? अकरा वाजताचं पाणी ह्यांच्या हातात दिलं कोणी?

"खोटा बोलतंस," रखमाबाई म्हणाल्या. पण डोळे तिच्यावरून हलले नाहीत.

"खोटं वाटतं तर मीनाक्षीताईंना विचारा."

"बोलव."

झालं. मीनाक्षीताईंना आधी काही सांगायला वेळ नव्हता, आणि ज्या बाईवर आपण भरल्या गॅलरीत आळ घेतला तिच्याच तोंडून आता हे वदवून घ्यायचं होतं. ती दारातूनच हाक मारून म्हणाली, "मीनाक्षीताई, आई विचारतायत. झाडांना खाऱ्याचं पाणी मीच घातलं ना?"

मीनाक्षीताई उंबऱ्यावर येऊन उभ्या राहिल्या. सीमाकडे बघितलं, कॉटकडे बघितलं. तीस वर्षं शाळेत काढलेली बाई, तिला काय समजावून सांगायला लागतं? "हो तर," त्या म्हणाल्या. "ह्या डोळ्यांनी बघितलंय मी. चांगली पातेलंभर ओतत होती. मी म्हटलं पण हिला, सासूला विचार आधी. ऐकते कुठे ही कोणाचं? उलट मलाच बोलली." शेवटचं वाक्य त्यांनी जरा चवीनं म्हटलं, आणि तेवढा हक्क त्यांचा होताच.

रखमाबाईंच्या गालांवर रंग चढत गेला. "पंचवीस वर्षां शिकवलंय तुका. पंचवीस वर्षां. खाऱ्याचा पाणी कोण झाडाक घालता? अक्कल खंय ठेवलंस?" आणि हे बोलता बोलता त्यांनी कॉटची कड धरली. सीमा हात द्यायला पुढे झाली तर तो झटकून टाकला. उभ्या राहिल्या. पाय लटलटत होते. भिंत धरून, मग दाराची चौकट धरून, एकेक पाऊल टाकत त्या आठ महिन्यांनी गॅलरीत आल्या.

समोर शेवंती संपत आलेली, गुलाबाला पाच फुलं, मोगऱ्याला नवी पालवी. रखमाबाईंनी सगळं बघितलं आणि नाक मुरडलं. "ह्यो गुलाब हय कोणी ठेवल्यान? ऊन खंय मेळतला तेका?"

"मीच ठेवला, आई."

"वाटलाच माका," त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून रखमाबाई चालायला लागल्या. पहिल्या आठवड्यात दोन फेऱ्या, मग पाच, मग दिवसभर आत-बाहेर. राखण करायला हवी ना, घरात झाडं मारणारी बाई आहे म्हटल्यावर? सीमानं पाण्याचा तांब्या उचलला की आतून आवाज यायचा, "ठेव तो खाली. वास घेव दे माका आधी." पाण्याचा वास घेऊन, बोट बुडवून, चाखून मगच झाडाला. महिन्याभरानं तर तांब्याला हातही लावायची बंदी झाली. जी बाग सीमानं रिकाम्या डब्यांतून उभी केली होती, जिच्यापाशी सकाळचा चहा घेतल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही, तिच्याकडे आता तिनं उंबऱ्यातून बघायचं.

आणि नुसतं तेवढंच नाही. दूधवाल्याला सांगून झालं, कोळणीला सांगून झालं, गावच्या नातेवाइकांना फोनवर सांगून झालं, आमच्या हिनं झाडां मारली. नणंद प्रिती रविवारी आली ती हेच बोलत. "वहिनी, एवढं कसं गं कळलं नाही तुला? आईची चाळीस वर्षांची झाडं होती ती." स्वप्नील काहीतरी बोलायला गेला. सीमानं त्याला डोळ्यांनी थांबवलं. प्रितीच्या पोटात काही राहत नाही, दोन दिवसांत ते आईच्या कानावर गेलं असतं. "चुकलं माझं," ती नणंदेला म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली. स्वप्नील मागोमाग आला. "किती दिवस ऐकून घेणारेस?" त्यानं विचारलं. "ती चालतेय ना?" सीमा म्हणाली. "मग ऐकायचं." म्हणाली खरी, पण आतून जळत होती. प्रत्येक वेळी जळायची. त्याची सवय होत नाही.

जून आला तसं सीमानं खारं घरात आणायचं बंद केलं. रखमाबाईंनी चार दिवस कुरकूर केली, मग विसरल्या. तेरडा मात्र त्या विसरल्या नाहीत. खोक्याखोक्यांत बी टाकलं, रोपं विरळ केली, काठ्या लावल्या. भाद्रपदापर्यंत तेरडा कमरेएवढा झाला, गुलाबी, पांढरा, जांभळा. विसरणंही वाढतच होतं. स्वप्नीलला आता त्या 'भाऊ' म्हणायच्या. सीमाला नावानं हाक मारून किती दिवस झाले ते सीमानं मोजायचं सोडून दिलं होतं, नुसतं 'गो' म्हणायच्या.

गौर आणायच्या दिवशी सकाळपासून गॅलरीत बायकांची गर्दी. रखमाबाई नवं लुगडं नेसून खोक्यांपाशी उभ्या. तीन तास उभ्या होत्या, बसायचं नाव नाही. मुळासकट रोप उपटायचं, माती झटकायची, पाच-पाच रोपांची जुडी बांधून एकेकीच्या ओटीत घालायची. हात असा चालत होता की बघत राहावं. सीमा बाजूला सुतळी कापून देत होती, तेवढं चालायचं.

तळमजल्यावर नवीन लग्न होऊन आलेली एक मुलगी होती, स्पृहा. तिनं जुडी घेतली, रखमाबाईंच्या पाया पडली आणि सीमाकडे बघून हसून म्हणाली, "आजी, ह्या तुमच्या सूनबाई का?"

रखमाबाईंनी सीमाकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. सीमा सुतळी हातात धरून थांबली. तिला वाटलं, आता माझं नाव येईल. येऊ दे.

"नाय गो," रखमाबाई म्हणाल्या. "माझी सून चांगली आसा. माझी लय सेवा करता. ती कामाक गेली." मग आवाज खाली आणून, शेजारची गोष्ट सांगावी तसं, "ही ती झाडां मारणारी. हिच्या हातात काय देऊ नको."

स्पृहाचा चेहरा उतरला. मागे उभ्या असलेल्या मीनाक्षीताई पटकन पुढे झाल्या, "रखमाबाई, अहो ही," म्हणून त्यांनी तोंड उघडलं. सीमानं मान हलवली. नको. मीनाक्षीताईंनी तोंड मिटलं आणि दुसरीकडे बघायला लागल्या.

जुड्या संपत आल्या. शेवटच्या खोक्यात पाच रोपं राहिली, सगळ्यांत उंच, पांढऱ्या फुलांची. एका बाईनं मागितली तर रखमाबाईंनी दिली नाहीत. स्वतः उपटली, माती झटकली, सीमाच्या हातून सुतळी घेऊन बांधली आणि छातीशी धरली.

"सून माझी कधी येतली?" त्यांनी सीमाला विचारलं.

"येईल," सीमा म्हणाली. "संध्याकाळी येईल."

"तिका सांग, तिच्यासाठी तेरडो ठेवलंय. तू हात लावू नको हां."

"सांगते," सीमा म्हणाली.